युरोपियमची साक्ष

२३ ऑगस्ट २०२३ रोजी सायंकाळी चांद्रयान-३ चा 'विक्रम' चंद्रावर सुखरूप उतरला, तेव्हा आमच्या घरची सारी मंडळी दूरदर्शनसमोर बसली होती. पुढे ऑगस्ट २०२४ मध्ये 'प्रज्ञान' गाडीने तपासलेल्या तेथील मातीचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. चंद्राचा पृष्ठभाग आरंभी वितळलेल्या शिलारसाचा महासागर होता, या मतास त्या मातीने पुष्टी दिली होती. आमच्या नातवाने पुसले, "आजोबा, तेव्हा तिथे कोणीच नव्हते, मग हे कळले कसे?" आम्ही उत्तरलो, "शास्त्रज्ञ सांगतात म्हणून." मुलगा गप्प बसला. उभा जन्म शिकविण्यात घालविलेल्या मनुष्यास हे उत्तर शोभणारे नव्हते. जेथे अनुमान मांडावयाचे, तेथे आम्ही आप्तवाक्यावर भागविले. ते ऋण आज फेडीत आहो.

उसाचा रस आटवून साखरेचे दाणे पाडतात, तेव्हा दाण्यात साखर तेवढी बसते. रसातील क्षार व रंग मागे राहिलेल्या काकवीत साठत जातात. पृथ्वी, चंद्र, मंगळ अशा खडकाळ गोलांच्या पोटातही हाच व्यवहार चालतो. शिलारस निवू लागला म्हणजे त्यातून एकामागून एक खनिजांचे स्फटिक बनतात. प्रत्येक स्फटिकाच्या घडणीत ठराविक मापाची घरे असतात. ज्या अणूचा आकार व विद्युद्भार त्या घरास जुळतो, त्यास आत जागा मिळते. न जुळणारा रसातच राहतो. ऑस्लो व गटिंगेन येथे कार्य केलेले व्हिक्टर गोल्डश्मिट (१८८८-१९४७) यांनी या विचारास नियमाचे रूप दिले. एखाद्या लेशमात्र मूलद्रव्याच्या स्फटिकातील प्रमाणास रसातील प्रमाणाने भागावे. अंक एकाहून अधिक आला तर ते स्फटिकास धार्जिणे, उणा आला तर रसास धार्जिणे जाणावे.

आता दुर्मिळ मृदा नामक मूलद्रव्यांकडे वळू. ही भावंडे एकाच वळणाची. बहुधा सर्वांचा विद्युद्भार तिहेरी. आकार मात्र क्रमाने किंचित घटत जातो. म्हणून ती बव्हंशी एकत्रच वावरतात. त्यांतील युरोपियम मात्र, प्राणवायू अल्प असेल तेथे, दुहेरी भार पत्करते. असे युरोपियम कॅल्शियमच्या घरात सहज सामावते. आणि प्लॅजिओक्लेज या पांढुरक्या खनिजात ती घरे विपुल असतात. परिणामी ते खनिज थिजताना युरोपियमला आत घेते, भावंडे बहुतांशी रसात राहतात.

जुलै १९६९ मध्ये अपोलो-११ च्या यात्रिकांनी सुमारे २२ किलोग्रॅम चांद्रशिला व माती आणली. चंद्राच्या पोटातील खडक वितळून वर आलेले काळे बेसॉल्ट त्यांत होते. त्यांत भावंडांच्या मानाने युरोपियमची तूट आढळली. ते गेले कोठे? चंद्रावर जो उजळ उंच प्रदेश आपणांस दिसतो, तो मुख्यतः प्लॅजिओक्लेजचा बनला आहे. १९७१ मध्ये अपोलो-१५ ने आणलेल्या अशाच एका पांढऱ्या दगडात युरोपियमचे प्रमाण भावंडांहून ठळकपणे अधिक भरले. एकीकडील तूट दुसरीकडे सापडली. शिलारसाच्या महासागरात काळी जड खनिजे तळाशी बसली, हलके प्लॅजिओक्लेज वर तरंगून त्याचे कवच बनले व युरोपियम घेऊन गेले. उरल्या रसातून थिजलेल्या खडकांस ती तूट वारशाने मिळाली, आणि पुढे त्यांच्यापासून झालेल्या बेसॉल्टातही ती उतरली. अखेरच्या 'काकवी'त पोटॅशियम, दुर्मिळ मृदा, फॉस्फरस, तसेच युरेनियम व थोरियम साठले. तिच्या खुणाही चंद्रावर सापडल्या आहेत.

कुमारिल भट्टांच्या परंपरेने अनुपलब्धि हे स्वतंत्र प्रमाण मानिले आहे: घट असता तर दिसला असता, दिसत नाही, म्हणून नाही. येथे त्यापुढे एक पाऊल आहे. असावयास हवे ते नाही, हाच हेतु धरून घडून गेलेल्या गोष्टीचे अनुमान केले आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही नातवास तापवून निवलेल्या दुधाचे पातेले दाखविले. वर साय नव्हती. "यावरून काय समजावे?" तो म्हणाला, "आजीने काढून घेतली." "तू पाहिलेस काय?" "पाहावयास कशाला हवे? साय नाही ना!" मग आम्ही त्यास चंद्राची हकीकत सांगितली. ती ऐकून तो क्षणभर थांबला व म्हणाला, "पण आजोबा, साय दुसऱ्या वाटीत सापडली नसती तर?"

आम्हांस हवा होता तो हाच प्रश्न. तसे झाले असते तर अनुमान अर्धे राहिले असते. म्हणूनच त्या पांढऱ्या दगडाचे मोल एवढे मोठे. घरातील मुलांनी असे विचारले असता वडील मंडळींनी त्यांस कोणाच्या नावाने गप्प करू नये, वाटी शोधण्यास त्यांच्यासह उठावे.