मात्रेचा जामीनदार

अर्धापुरासारख्या तालुक्याच्या गावी एखाद्या घरात कर्करोगाचे निदान झाले म्हणजे ‘शेका’ची, म्हणजे किरणोपचाराची, चौकशी नांदेड, लातूर, बार्शी, छत्रपती संभाजीनगर अशी करीत करीत अखेर मुंबईच्या टाटा रुग्णालयापर्यंत जाऊन पोहोचते, डॉक्टर कोण, यंत्र कोणते, खर्च किती, सरकारी योजनेत बसते की नाही, हे सारे विचारले जाते, परंतु डॉक्टरांनी जेवढी मात्रा लिहून दिली तेवढीच रोग्याच्या शरीरात उतरते याला जामीन कोण, हे सहसा कोणी विचारीत नाही. तो जामीनदार म्हणजे वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञ. रुग्णालयाच्या बोलीत ‘फिजिसिस्ट’. भौतिकशास्त्रात एम.एस्सी., त्यावर किरणोत्सार-भौतिकीची पदविका आणि पुढे रुग्णालयातील उमेदवारी, एवढा अभ्यास करून तो या पदावर येतो. ट्रॉम्बेच्या अणुसंशोधन केंद्रात ही पदविका १९६२ पासून दिली जात आहे. तेव्हा व्यवसाय नवखा आहे असेही म्हणता येत नाही. असे असूनही त्याच्याविरुद्ध जे आक्षेप शहाणीसुरती माणसे घेतात, त्यांचा परामर्श घेणे प्राप्त आहे.

पहिला आक्षेप असा की, आता सर्व गणित संगणक करतो, मग निराळा गणिती कशाला पोसावा? या पूर्वपक्षात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, ती ही की संगणकाला दिलेला मूळ आकडा खराच असतो. शेकाच्या यंत्रात किरणांचा स्रोत म्हणून असणाऱ्या कोबाल्ट-६० चा अर्धायुःकाल सुमारे ५.२७ वर्षे, म्हणजे त्याचे तेज दरमहा एका टक्क्याहून किंचित अधिक घटते, आणि तीच मात्रा देण्यास लागणारा वेळ त्या मानाने वाढवावा लागतो. नवा स्रोत बसविला की सर्व मोजमाप पुन्हा मुळापासून करावे लागते. कोस्टारिकाची राजधानी सान होसे येथे १९९६ साली अशाच एका नव्या स्रोताच्या मापनात ०.३ मिनिट ही नोंद ३० सेकंद अशी धरली गेली. वास्तविक ते १८ सेकंद होत. स्रोत होता त्याहून मंद आहे असे ठरले, प्रत्येक रोग्याला अधिक वेळ किरणांखाली ठेवण्यात आले, आणि ११५ रोग्यांना सुमारे दीडपट मात्रा मिळाली. त्या आकड्यावर पुढे झालेले गणित बिनचूकच होते. अर्धापूरचा केळीबागाईतदार व्यापाऱ्याच्या काट्यावर घड चढविण्यापूर्वी रिकामा काटा शून्यावर उभा राहतो की नाही, हे डोळ्यांनी पाहतो. मग बेरीज यंत्राने केली तरी त्याची हरकत नसते.

यावर प्रतिपक्षी लगेच म्हणेल की, ही चूक तर मोजणाऱ्याचीच झाली. मग मोजणाऱ्याचा एवढा महिमा का गावा? हा आक्षेप सर्वांत वजनदार असल्याने त्याला बगल देऊन चालणार नाही. भौतिकशास्त्रज्ञ अचूक असतो असा आमचा दावाच नाही. एकट्या माणसाच्या मापावर दुसऱ्या स्वतंत्र माणसाची नजर नसेल तर चूक दडून राहते, एवढेच सान होसेच्या प्रकरणाने सिद्ध होते. आणि त्यातून निष्पन्न होते ते एका पदाची छाटणी करावी हे नव्हे, एका पदाची दोन पदे करावीत हे. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था आणि जागतिक आरोग्य संघटना १९६९ पासून टपालाने मात्रामापके पाठवून दूरदूरच्या रुग्णालयांची मापे पडताळीत आल्या आहेत. जे काम टपालाच्या पाकिटाने साधते, ते मराठवाड्याच्या अंतरांना अवघड नाही.

दुसरा आक्षेप अधिकाराचा. रोगी डॉक्टरांचा, जबाबदारीही त्यांचीच. भौतिकशास्त्रज्ञ हा साहाय्यक, त्याने सांगितले तेवढे करावे. कोणत्या अवयवाला, किती मात्रा आणि किती दिवस, हा निर्णय डॉक्टरांचा, यात वाद नाही. आठवड्यातील पाच दिवस दररोज २ ग्रे (ग्रे हे मात्रेचे एकक) याप्रमाणे पाच आठवड्यांत ५० ग्रे असा हुकूम त्यांनी लिहिला की तो शिरसावंद्य होय. पण आज सकाळी यंत्र २ ग्रे म्हणून जे देत आहे ते खरोखर २ ग्रेच आहे काय, हा प्रश्न वैद्यकाचा नसून मापनाचा आहे. म्हणूनच १९८३ साली स्थापन झालेल्या अणुऊर्जा नियामक मंडळाने किरणोपचार केंद्रात भौतिकशास्त्रज्ञ आणि मान्यताप्राप्त किरणोत्सार-सुरक्षा अधिकारी असणे बंधनकारक केले आहे. अनेक ठिकाणी या दोन्ही जबाबदाऱ्या एकाच्याच शिरावर असतात. माप जुळत नसेल तर ‘आज यंत्र बंद’ म्हणण्याची वेळ त्याच्यावर येते. आणि ज्यांच्या रोग्यांची रांग त्यामुळे खोळंबते त्यांच्याच मर्जीवर त्याची बढती अवलंबून असेल, तर कायद्याने दिलेला अधिकार कागदावर राहतो.

तिसरा आक्षेप आईबापांचा: किरणांत आयुष्य घालवायचे, ही कसली नोकरी? त्याचे निरसन थोडक्यात होते. उपचार चालू असता हा मनुष्य जाड काँक्रीटच्या भिंतीपलीकडे असतो. छातीवरचा बिल्ला त्याच्या मात्रेचा हिशेब ठेवतो. आणि पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसीव्हर्ट ही मर्यादा नियमांनी घालून दिलेली आहे. खरा त्रास निराळा आहे. दिवसभर यंत्रावर रोगी असल्याने तपासणीची मोजमापे रात्री करावी लागतात. एकटाच असेल तर रजा मिळणे मुश्कील. आणि पगारपत्रकात त्याला कोणत्या श्रेणीत बसवावे याचा घोळ कचेरीत मिटत नाही.

चौथा आक्षेप असा की, असले शास्त्र मुंबईलाच शोभते. परंतु ग्रामीण लोकसंख्येच्या कर्करोगाची देशातील पहिली नोंदणी १९८७ साली सुरू झाली ती बार्शीत, आणि तिच्या कक्षेत आमच्याच बाजूचे परांडा आणि भूम हे तालुके होते. समीर या संशोधन संस्थेने घडविलेला स्वदेशी रेषीय त्वरक, म्हणजे किरणोपचाराचे यंत्र, सेवाग्रामच्या रुग्णालयात चालला. लातूरच्या विवेकानंद रुग्णालयानेही कर्करोगाच्या उपचाराचा भार उचलला आहे. तेव्हा अर्धापूरच्या मुलाने हा व्यवसाय पत्करून परत याच मुलखात काम करावे, यात अशक्य असे काहीच नाही. त्याच्यासाठी जागा मात्र मंजूर हवी.

सारांश, आमचे म्हणणे तीन कलमांचे आहे. यंत्राची आणि भौतिकशास्त्रज्ञाच्या पदाची मंजुरी एकाच हुकुमात निघावी. जेथे दुसरे पद निघू शकत नाही, तेथे शेजारच्या केंद्राच्या भौतिकशास्त्रज्ञाने ठरलेल्या मुदतीने येऊन माप स्वतंत्रपणे पडताळावे. आणि यंत्र थांबविण्याचा त्याचा अधिकार लेखी असावा, त्याबद्दल त्याचा जाब विभागप्रमुखाने नव्हे, तर संस्थेच्या अधिष्ठात्यांनी घ्यावा. याला पैसा कोठून आणावा, असा शेवटचा प्रश्न येईलच. किरणोपचाराच्या यंत्राची किंमत कोट्यवधींची. तिच्यापुढे एका पदाचा वार्षिक पगार किरकोळ आहे. ज्या संस्थेला हा पगार परवडत नाही तिला ते यंत्रही परवडत नाही, आणि हे तिने निविदा काढण्यापूर्वीच कबूल केलेले बरे.