यादी वाण्याची आणि यादी आयोगाची

महागाई भत्त्याचा हप्ता जाहीर झाला की युनियनच्या कार्यालयात पहिला प्रश्न येतो, "किती वाढले?" वाण्याकडे किती गेले, हे मात्र कोणी विचारीत नाही. किराण्याचा विषय संघटनेच्या अंकात कशाला, तो घरच्या मंडळींचा विषय, असे काही कार्यकर्त्यांना वाटेल. आमचे मत निराळे आहे. मे १९७४ च्या रेल्वे संपाच्या मागण्यांत बोनस आणि महागाई भत्त्याबरोबर खात्याच्या दुकानांतून स्वस्त धान्य मिळावे, हीही मागणी होती. त्याआधी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रेल्वेने कामगारांसाठी 'ग्रेन शॉप' चालवलेली होतीच.

सातव्या वेतन आयोगाने १८,००० रुपये किमान वेतन काढले, तेसुद्धा एका किराणा यादीवरूनच. १९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेचे निकष आणि डॉ. आयक्रॉइड यांचे आहारसूत्र हा त्या यादीचा पाया. कामगार १, पत्नी ०.८ आणि दोन मुले प्रत्येकी ०.६, असे ३ घटक धरले. त्यांना महिन्याला तांदूळ-गहू ४२.७५ किलो, डाळ ७.२ किलो, दूध १८ लिटर, तेल ३.६ किलो, साखर-गूळ सुमारे ५ किलो, फळे १०.८ किलो, अंडी ९०. म्हातारे आईवडील या हिशेबात नाहीत. ते जणू हवेवर जगतात!

ही यादी आपल्या घरच्या यादीशेजारी ठेवून पाहा. धान्य जुळेल. तेल-साखर बहुधा जास्तच भरेल. तूट दिसेल ती डाळीत, दुधात आणि फळांत. वीस तारखेनंतर आमटी पातळ होते, दूध फक्त चहापुरते येते, आणि यालाच आपण काटकसर म्हणतो. ट्रॅकवर हातोडा चालवणाऱ्याने किंवा दिवसभर टपालाची पिशवी वाहणाऱ्याने अशी काटकसर करू नये. पैसा वाचवायचा तो खरेदीत वाचवावा, ताटात नव्हे.

खरेदीत तो कुठे गळतो? पहिली गळती उधारीच्या वहीत. वहीवर माल घेणारा भाव विचारीत नाही, विचारायला त्याला तोंडही नसते. दुसरी गळती पुड्यात. तेलाची लिटरची पिशवी म्हणजे साधारण ९१० ग्रॅम. आता शेजारी तशीच दिसणारी ८५० किंवा ८०० ग्रॅमचीही असते आणि हात स्वस्त पिशवीकडे जातो. पुड्यावर किलोचा किंवा ग्रॅमचा दर बारीक अक्षरात छापलेला असतो, तो वाचावा. चष्मा घरी विसरू नये. तिसरी गोष्ट कराची. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या वेष्टनबंद, लेबल लावलेल्या धान्य, डाळ आणि पिठावर ५ टक्के जीएसटी बसला. सुटा माल त्यातून वगळला. पीठ-डाळीवर कर बसवणाऱ्यांबद्दल आम्ही वेगळे लिहू. तूर्त सुटी डाळ निवडून घ्या, इतकेच.

आपल्या आया वर्षाची बेगमी करीत. नवी तूर जानेवारीपासून येऊ लागते, गहू मार्च-एप्रिलमध्ये. आवक असते तेव्हा भाव उतरतो. उन्हाळी कांदा एप्रिल-मेमध्ये घेतला तर पावसाळाभर टिकतो, लाल कांदा टिकत नाही. इटारसीला नोकरी असलेल्याने गहू तिथेच घ्यावा आणि गावी नाशिककडे गेल्यावर कांदा आणावा, हे आमच्या गाडीवाल्यांना शिकवायला नको. अडचण दोन गोष्टींची. एका खोलीच्या क्वार्टरमध्ये कोठी ठेवायची कुठे, आणि एकरकमी पैसा आणायचा कुठून? त्यात मार्चचा पगारही एप्रिल उजाडल्यावर हाती पडतो. आमच्या पतपेढ्या लग्नाला आणि घराला कर्ज देतात. वर्षाच्या धान्यासाठी दहा हप्त्यांचे लहानसे कर्ज त्यांनी जरूर द्यावे. त्यावर व्याज किती घ्यायचे, हे येत्या वार्षिक सभेत सभासदांनीच ठरवावे.

जागेच्या अडचणीवर उपाय मिळून खरेदी करण्याचा. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून हेच करते. शेजारची कुटुंबे संघ करतात, महिन्याची मागणी एकत्र नोंदवतात आणि माल एका घरी उतरवून वाटून घेतात. एका लॉबीतील किंवा एका टपाल कार्यालयातील १५-२० कुटुंबांना हे जमू नये? वाटपाच्या दिवशी हजर राहायला मात्र पुरुषांनीही यावे; दर वेळी वहिनींनीच पोती उचलायची हे बरे नव्हे.

आता निर्देशांकाकडे. औद्योगिक कामगारांच्या ग्राहक मूल्य निर्देशांकात अन्नाचा भार १९८२ च्या मालिकेत ५७ टक्के होता. २००१ च्या मालिकेत तो ४६.१९ झाला, २०१६ च्या मालिकेत पेयांसह ३९.१७. ज्याच्या घरी आजही निम्मा पगार किराण्यात जातो, त्याला डाळ महागली की भत्ता त्या मानाने मिळत नाही. हे भांडायचे तर हातात आपला हिशेब हवा. जानेवारी २०२५ मध्ये सरकारने आठवा वेतन आयोग जाहीर केला. त्याच्यापुढे असो वा पुढे आणखी कोणापुढे असो, आईवडिलांना घटक धरा, ही मागणी नुसत्या घोषणेने पटणार नाही.

म्हणून शाखांना विनंती, प्रत्येकीने निदान १० घरांच्या ३ महिन्यांच्या याद्या गोळा कराव्यात. छापील बिल नसले तरी वहीचे पान चालेल. घरात माणसे किती, त्यात आईवडील आहेत का, हे वर लिहावे. आणि प्रत्येक जिनसापुढे वजन हवे. नुसते रुपये लिहिलेल्या याद्या पाठवू नयेत.