तिरकामठ्याला मैदान हवे

खानदेशच्या उत्तर सीमेवर सातपुड्याची रांग उभी आहे आणि तिच्या पायथ्याशी रावेर-यावलचा केळीचा पट्टा पसरला आहे. या दोहोंमधील अंतर काही मैलांचेच आहे. परंतु पायथ्याची केळी शेकडो मैलांवरच्या उत्तर भारतातील बाजारपेठांत पोचतात आणि डोंगरातील एक जुनी विद्या मात्र तालुक्याच्या क्रीडांगणापर्यंतही पोचत नाही. ही विद्या म्हणजे भिल्ल, पावरा, बारेला या समाजांची तिरंदाजी. होळीपूर्वीच्या भोंगऱ्या बाजारात किंवा ९ ऑगस्टच्या आदिवासी दिनाच्या मिरवणुकीत तिरकामठा अजूनही दिसतो. पण तो बहुधा खांद्यावर मिरवण्यापुरता. त्याने नेम धरणारे हात वयस्कर झाले आहेत, आणि चढाओढीने लक्ष्यवेध करण्यासाठी पुढे येणारे तरुण कमी होत चालले आहेत. सण-उत्सवाच्या भाषणांत ‘एकलव्याचे वारस’ म्हणून ज्यांचा गौरव होतो, त्यांच्याच घरात धनुष्य खुंटीला लागावे, यातील विसंगती विचार करण्याजोगी आहे.

हे साधन दिसायला साधे असले, तरी त्यामागील ज्ञान साधे नाही. भिल्लांच्या धनुष्याचा दांडा बांबूचा, आणि त्याची प्रत्यंचाही बहुधा बांबूच्याच चिवट पट्टीची. कोणत्या वयाचा बांबू तोडायचा, तो किती वाळवायचा, कोठे तासायचा आणि कोठे जाड ठेवायचा, बाणाची काडी सरळ कशी करायची, पिसे कोणत्या कोनात बांधायची, हे सारे पिढ्यानपिढ्यांच्या अनुभवाने ठरलेले आहे. लोखंडी फाळ लोहाराकडचा आणि पाखरांसाठी बोथट टोकाचा बाण वेगळा, असा त्यात कामानुसार भेदही आहे. द्रोणाचार्यांना अंगठा दिलेल्या पूर्वजाच्या स्मरणार्थ भिल्ल प्रत्यंचा ओढताना अंगठा लावीत नाहीत, अशी लोकसमजूत आहे. गंमत अशी की, आज ऑलिंपिकच्या मैदानावरील तिरंदाजही प्रत्यंचा बोटांनीच ओढतो, अंगठ्याने नव्हे. म्हणजे डोंगरातील मुलाने अंगवळणी पाडलेली रीत आधुनिक क्रीडेला परकी नाही. परके आहे ते त्या क्रीडेचे दार.

ही विद्या लोप पावण्याचे कारण विचारले, तर सर्वसाधारण उत्तर ठरलेले असते. तरुणांना मोबाइलचा नाद लागला, त्यांना परंपरेचा अभिमान उरला नाही, असे म्हटले की प्रश्न मिटतो. परंतु कोणतेही कौशल्य केवळ अभिमानावर जगत नसते. त्याच्या साधनेला लागणारे तास कोणत्या तरी मार्गाने भरून यावे लागतात. धान्याच्या रूपाने, पैशाच्या रूपाने, किंवा निदान प्रतिष्ठेच्या रूपाने. तिरकामठ्याच्या मागे एके काळी असे तीन आधार होते. रानातील शिकार हा पहिला, वस्तीचे व पिकाचे रक्षण हा दुसरा, आणि जमातीतील मान हा तिसरा. हे तिन्ही आधार एकामागून एक निखळले आणि त्यांच्या जागी चौथा कोणी उभा केला नाही, हे या ऱ्हासाचे खरे कारण आहे.

या निखळण्याचा इतिहास दीडशे-दोनशे वर्षांचा आहे. इंग्रजी सत्तेने १८२५ मध्ये आउट्रमच्या नेतृत्वाखाली खानदेशात भिल्ल पलटण उभारली आणि डोंगरातील लढवय्याला सरकारी शिस्तीत घेतले. १८५७ च्या उठावाची लाट सातपुड्यात आली, तेव्हा खाज्या नाईक व भीमा नाईक यांच्या अनुयायांनी ११ एप्रिल १८५८ रोजी अंबापाणी येथे इंग्रजी फौजेशी झुंज दिली. पुढे १८७८ च्या शस्त्र कायद्याने ‘शस्त्र’ या शब्दाच्या व्याख्येत बंदुका-तलवारींबरोबर धनुष्यबाणही घातले. राज्यकर्त्यांच्या दृष्टीने तिरकामठा हे संशयाचे कारण ठरले. स्वातंत्र्यानंतर दृष्टी बदलली, पण आधार परत आला नाही. १९६९ मध्ये यावल अभयारण्य झाले आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आली. ही बंदी योग्यच होती, आणि तिचा फेरविचार करावा असे कोणताही विवेकी माणूस म्हणणार नाही. मात्र शिकार बंद करताना त्या शिकारीवर पोसलेल्या कौशल्याला दुसरे क्षेत्र मिळवून देणे हेही शासनाचे व समाजाचे कर्तव्य होते. ते कोणाच्या ध्यानात आले नाही.

दरम्यान पायथ्याचे अर्थकारण पालटले. केळीच्या बागांना लागवडीपासून कापणीपर्यंत बारा महिने मजूर लागतात. घड कापणे, ते डोक्या-खांद्यावरून वाहून आणणे, ट्रक भरणे, या कामांसाठी पाड्यांवरचे तरुण पहाटे खाली उतरतात आणि अंधार पडताना वर चढतात. २०१६ मध्ये जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळाले, हा या भूमीचा आणि तिच्या शेतकऱ्यांचा गौरव होय; त्या गौरवात या मजुरांच्या घामाचाही वाटा आहे. परंतु ज्याचा दिवस मजुरीने व्यापलेला आहे, त्याने संध्याकाळी नेमबाजीचा सराव करावा अशी अपेक्षा करणे म्हणजे त्याने आपली विश्रांती परंपरेला दान करावी असे म्हणणे होय. अर्थशास्त्रात याला संधीचा त्याग असे म्हणतात. एका तासाच्या सरावाची किंमत त्या तासात बुडणाऱ्या मजुरीइतकी किंवा विश्रांतीइतकी असते, आणि ती गरिबाला श्रीमंतापेक्षा जड जाते.

अशा जुन्या विद्या जेथे टिकल्या आहेत, तेथील व्यवस्था पाहिल्या म्हणजे हा मुद्दा स्पष्ट होतो. कर्नाटकातील कोडगू जिल्ह्यात सप्टेंबरमधील कैलपोद सणाला घरातील बंदुकांची पूजा होते आणि नारळावर नेम धरण्याच्या स्पर्धा रंगतात. कोडवांना शस्त्रपरवान्यातून मिळालेली ब्रिटिश काळापासूनची सूट केंद्र सरकारने २०१९ मध्ये आणखी दहा वर्षांसाठी वाढविली. तेथे सण आणि कायदा यांनी मिळून कौशल्य राखले. मेघालयातील शिलाँगमध्ये खासी तिरंदाज ठरल्या वेळी लक्ष्यावर बाण सोडतात आणि लागलेल्या बाणांच्या संख्येवर कायदेशीर पैज लागते. १९८२ च्या कायद्याने तिला कराच्या कक्षेत आणले. तेथे रोजच्या मिळकतीने धनुष्य हातात ठेवले. पैजेचे समर्थन कोणी करू नये, पण तिरंदाजाला त्याच्या वेळेचे मोल मिळते हे त्यातील तथ्य नाकारता येत नाही. भूतानने १९७१ मध्ये तिरंदाजीला राष्ट्रीय खेळाचा मान दिला. सुमारे १४५ मीटर अंतरावरच्या लक्ष्यावर तेथे आधुनिक धनुष्याबरोबर बांबूचे धनुष्यही चालते. तेथे राज्याच्या प्रतिष्ठेने परंपरा सावरली. फार काय, युरोप-अमेरिकेत सैन्यातून केव्हाच बाद झालेल्या ठासणीच्या बंदुकीसाठीही १९७१ पासून एक आंतरराष्ट्रीय संघटना आहे. तिच्या स्पर्धांत अस्सल जुन्या बंदुकांचा गट वेगळा आणि त्यांच्या नव्या प्रतिकृतींचा गट वेगळा असतो. जुन्या साधनाला नव्या साधनाशी झुंजायला न लावता त्याचा स्वतंत्र गट ठेवणे, ही त्यातील ध्यानात घेण्याजोगी युक्ती आहे.

सातपुड्याच्या वाट्याला यांपैकी काहीच आले नाही. सण आहे, पण त्यात नियमित स्पर्धा नाही. मिळकत नाही. प्रतिष्ठा आहे ती पुतळ्यांना आणि पुरस्कारांच्या नावांना. आणि तरीही आपल्या देशाला या विद्येची किंमत कळली नव्हती असे नाही. १९८७ मध्ये भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या विशेष क्षेत्र क्रीडा योजनेतून राजस्थानातील उदयपूर भागात आदिवासी मुलांची चाचणी झाली. तीत निवडला गेलेला लिंबा राम हा बांबूच्या धनुष्यावर वाढलेला मुलगा पुढच्याच वर्षी, १९८८ मध्ये, सोल ऑलिंपिकमध्ये भारताकडून उतरला. त्याच चाचणीतून आलेला श्यामलाल मीणाही त्या संघात होता. लिंबा राम तीन ऑलिंपिक स्पर्धा खेळला. अरवलीच्या पायथ्याशी जे घडले, ते सातपुड्याच्या पायथ्याशी घडू शकत नाही असे मानण्यास कोणताही आधार नाही. पॅरिसच्या २०२४ च्या ऑलिंपिकपर्यंत भारताला तिरंदाजीत एकही पदक मिळालेले नाही, हे पाहता शोधाचे क्षेत्र संकुचित ठेवणे देशाला परवडणारेही नाही.

महाराष्ट्रात तिरंदाजी नाही असेही नव्हे. फलटण तालुक्यातील सरडे गावचा प्रवीण जाधव क्रीडा प्रबोधिनीतून घडला आणि दोन ऑलिंपिक खेळला. साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे यांनी २०२३ मध्ये बर्लिन येथे एकाच स्पर्धेत जागतिक विजेतेपदे मिळविली. प्रश्न आहे तो प्रवेशाच्या खर्चाचा. आंतरराष्ट्रीय दर्जाचे धनुष्य, बाण व इतर सरंजाम यांचा खर्च आज दोन-तीन लाख रुपयांच्या घरात जातो. केळीच्या बागेत मजुरी करणाऱ्या कुटुंबाला हा आकडा ऐकूनच माघार घ्यावी लागते. या उंबरठ्यावर एक पायरी मात्र उपलब्ध आहे. भारतीय तिरंदाजी संघटनेच्या आणि शालेय क्रीडा स्पर्धांच्या नियमांत ‘इंडियन राउंड’ नावाचा प्रकार आहे. त्यात बांबू-लाकडाच्या साध्या धनुष्याने ५० व ३० मीटरवरून नेम धरतात. हे धनुष्य लाखांत नव्हे, काही हजारांत मिळते. झारखंडमधील अनेक तिरंदाजांची सुरुवात अशाच बांबूच्या धनुष्याने झाली आहे. सातपुड्यातील मुलासाठी डोंगराकडून मैदानाकडे जाणारी वाट हीच आहे. ती बांधून काढण्याचे काम तेवढे राहिले आहे.

यावर काही आक्षेप येतील. आदिवासी मुलाच्या हाती पुन्हा धनुष्य देणे म्हणजे त्याला भूतकाळात ढकलणे नव्हे काय, असे विचारले जाईल. त्याला संगणक शिकू द्या, असेही सांगितले जाईल. संगणक त्याने अवश्य शिकावा. परंतु शहरी मुलाने बुद्धिबळाचा किंवा जलतरणाचा सराव केला, तर तो त्याच्या शिक्षणाआड येतो असे कोणी म्हणत नाही. मग हा नियम पाड्यावरच्या मुलालाच का लावावा? शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण आहे, परीक्षांत क्रीडागुण आहेत. या सवलतींचा लाभ घेण्याची संधी ज्याच्या गावी मैदान आहे त्यालाच मिळते. दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा. त्याचे उत्तर बंदिस्त, देखरेखीखालील मैदान हेच आहे. तिसरा मुद्दा आक्षेप नसून सुधारणा आहे. परंपरेत तिरकामठा हा प्रामुख्याने पुरुषांचा राहिला. आज भारतीय तिरंदाजीची ओळख दीपिका कुमारी व अदिती स्वामी यांच्यासारख्या मुलींमुळे आहे. मैदान उघडले, तर पाड्यावरच्या मुलींना परंपरेने न दिलेला अधिकारही मिळेल. परंपरा राखताना तिच्यातील उणीव भरून निघावी, याहून चांगले काय?

करण्याजोग्या गोष्टी मोठ्या खर्चाच्या नाहीत. यावल येथील एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाच्या आश्रमशाळांत कबड्डी, खो-खोच्या बरोबरीने इंडियन राउंडचा सराव नियमित व्हावा. प्रत्येक शाळेत एका क्रीडाशिक्षकाला त्याचे प्रशिक्षण मिळावे आणि जवळच्या पाड्यावरील जाणत्या तिरंदाजाला मानधन देऊन त्याच्या जोडीस घ्यावे. पाल परिसरात वर्षातून एकदा स्पर्धा भरावी. तीत अस्सल तिरकामठ्याचा गट स्वतंत्र ठेवावा आणि वृद्धांनाही भाग घेता यावा. बक्षीस निदान बुडालेली मजुरी भरून काढण्याइतके असावे. रावेर, सावदा, फैजपूर येथील केळी व्यापारावर उभ्या राहिलेल्या संस्थांनी हा भार उचलला, तर ते दान ठरणार नाही. ज्यांच्या श्रमावर बागा उभ्या आहेत त्यांचे ते देणे ठरेल. उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या महाविद्यालयांनी या स्पर्धेतून पुढे आलेल्या मुलांना आपल्या संघांत घ्यावे. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज मानले आहे आणि २०१७ च्या दुरुस्तीने वनाबाहेरील बांबू ‘वृक्ष’ या व्याख्येतून वगळला आहे. तेव्हा शाळांना लागणारी साधी धनुष्ये व बाण स्थानिक कारागिरांकडून करवून घेतली, तर विद्येबरोबर हस्तव्यवसायही जगेल.

बांबूच्या कारागिरीचा मान या भागाला नवा नाही. डिसेंबर १९३६ मध्ये राष्ट्रीय सभेचे अधिवेशन प्रथमच एका खेड्यात, फैजपूरला भरले, तेव्हा नंदलाल बोस यांनी तेथील अधिवेशननगरीची सजावट बांबूसारख्या गावातल्याच साहित्यातून केली होती. खेड्यातले साधे साहित्य राष्ट्रीय व्यासपीठाला शोभते, हे त्या अधिवेशनाने दाखविले. त्याच भूमीतील बांबूच्या धनुष्याला तालुक्याच्या मैदानावर जागा मिळावी, ही अपेक्षा वाजवी आहे.

आज ज्या वृद्धांच्या हातात हे कौशल्य शिल्लक आहे, ते फार वर्षे थांबणार नाहीत. बांबू पुन्हा लावता येतो; तो कोठे व किती तासायचा हे ज्ञान मात्र एकदा गेले की पुस्तकांतून परत येत नाही. येत्या शैक्षणिक वर्षाच्या क्रीडा नियोजनात एका खेळाची भर घालणे आणि पाड्यावरील जाणत्याला शाळेच्या मैदानावर बोलावणे, एवढा निर्णय प्रकल्प कार्यालय, शाळा आणि गावच्या संस्था यांना घेता येण्याजोगा आहे. तो या वर्षीच घेतला जावा.