नळ, नाली आणि पुण्य

साफसफाईच्या बाबतीत आमचा वर्धा जिल्हा म्हणजे तीर्थक्षेत्रच. गांधी १९३६ साली सेवाग्रामला राहायला आले. त्याच साली 'हरिजन'मध्ये त्यांनी आदर्श भंगी कसा असावा यावर लेख लिहिला. पुढं विनोबा पवनारहून रोज सुरगावला मैला साफ करायला जायचे. दोघांच्या प्रामाणिकपणावर मला भांडायचं नाही. मला एवढंच विचारायचंय, संताच्या फावड्यानं गावची पटकी थांबते काय?

लंडनची कशी थांबली ते बघा. १८४२ साली चॅडविकनं कामगारवस्त्यांच्या घाणीवर अहवाल लिहिला. हा काही गरिबांचा कैवारी नव्हता. गरिबांना वर्कहाऊसात कोंडणारा १८३४ चा कायदा त्याच्याच डोक्यातला. आजारी मजूर महाग पडतो, हा त्याचा हिशेब. शास्त्रही चुकलेलं, दुर्गंधीनं रोग होतो म्हणायचा. १८५४ साली डॉक्टर स्नोनं पटकी पाण्यातून येते हे दाखवलं, तरी सरकार ढिम्म. हललं कधी? १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्सचा वास थेट पार्लमेंटात शिरला तेव्हा! लगेच कायदा, लगेच पैसा. बॅझलगेटनं जमिनीखाली गटारं बांधली. १८६६ ची शेवटची मोठी साथ पूर्व लंडनच्या गरीब वस्तीत पेटली, जिथं नवं गटार अजून पोचलं नव्हतं.

कुणाचं हृदयपरिवर्तन झालं नाही. पाईप पडले, माणसं जगली.

आपल्याकडं पाईपाची घाई कुणाला? जात होती ना! टोपलीचा संडास आणि टोपली उचलायला जन्मानंच नेमलेला माणूस. वास त्याच्या डोक्यावर, खुर्चीपर्यंत जाणार कसा? वर त्याला सांगायचं, हे पुण्याचं काम आहे. बाबासाहेबांनी १९४५ साली या उपदेशाची सालटी काढली ती उगाच नाही.

आणि मित्रांनो, गटार आलं म्हणून सुटलो असंही नाही. टोपलीतला माणूस मॅनहोलात उतरला. १९९३ चा कायदा झाला, २०१३ चा झाला. सुप्रीम कोर्टानं २०१४ साली गटारातल्या मरणाची भरपाई १० लाख ठरवली, २०२३ साली ३० लाख. मेल्यावरचा भाव तेवढा वाढला. स्वच्छ भारताच्या पोस्टरवर गांधींचा चष्मा आहे, गटारात उतरणाऱ्याचा चेहरा नाही.

म्हणून आपापल्या नगरपरिषदेचं बजेट मागा. टाकी उपसायच्या यंत्राला किती आणि ठेकेदाराला किती, ते वाचा. यंत्र असेल तर विचारा, ते बिघडल्यावर खाली कोण उतरतो.