भुतांचे पारायण

श्रावणात घरोघरी पोथी लावतात. यंदा आम्हीही लावली. फरक एवढाच की ती नारायण धारपांची होती! महिन्याभरात धारप, बाबूराव अर्नाळकर आणि रत्नाकर मतकरी यांची मिळून २२ पुस्तके मी वाचून काढली. सौभाग्यवतींनी दोन दिवस पाहिले, तिसऱ्या दिवशी पुढ्यात चहा ठेवून म्हणाल्या, "या वयात भुतांशी ओळख वाढवताय, ते बरेच आहे."

पण हा उद्योग हौसेचा नव्हता, प्रायश्चित्ताचा होता. मी मराठीचा मास्तर. भूगोलाच्या पुस्तकाआड रहस्यकथा सापडली की ती जप्त करायची, हा माझा खाक्या. एका मुलाचे पुस्तक मी शेवटची दहा पाने उरली असताना काढून घेतले. वार्षिक परीक्षा झाल्यावर परत देऊ लागलो, तर म्हणाला, "राहू द्या सर. आता नाही वाचत मी." तो खरोखरच पुढे काही वाचीनासा झाला. आणि मला वाटले, आपण जिंकलो!

आमच्या विद्वानांचा यांवर पहिला आक्षेप असा की, हे वाङ्मय हलके आहे. बाविसांतली नऊ पुस्तके टाकाऊ होती, हे मी आधीच कबूल करतो. अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्या सगळ्या एका तोलाच्या कशा असतील? पण कवितेचा न्याय करताना आपण केशवसुतांना पुढे करतो, आणि रहस्यकथेचा करताना मात्र रद्दीतले वाईटात वाईट पुस्तक उचलतो, हा कुठला न्याय? प्रेमकथेत नायक पत्र लिहायला बसला की लेखकाने चार पाने डुलकी काढली तरी चालते. भयकथेत एक वाक्य सैल पडले की भुताचे सोंग होते. धारपांच्या चांगल्या कथेत माडीवरची ती बंद खोली उघडेपर्यंत मी पाय पलंगाखाली सोडला नाही. वय वर्षे ७१!

दुसरा आक्षेप उसनवारीचा. धारपांनी स्टीफन किंगची बीजे मराठी वाड्यांत रुजवली, हे खरे. मूळ लेखकाचे नाव पहिल्या पानावर ठळक छापावे, ही मागणी रास्तच आहे. पण आगरकरांनी १८८३ साली 'हॅम्लेट'चे 'विकारविलसित' केले, ती वाङ्मयसेवा. आणि इकडे तेच केले की वाङ्मयचौर्य? बरे, त्या नाटकाच्या पहिल्याच प्रवेशात येते कोण? भूतच ना!

अंधश्रद्धा वाढते म्हणणाऱ्यांना काय सांगावे? भयकथा वाचून मांत्रिकाचे घर शोधत निघालेला माणूस मला तरी भेटलेला नाही.

धारप २००८ साली गेले. २०१८ साली 'तुंबाड' चित्रपट आला, त्याच्या प्रेरणेत त्यांच्या कथेचे नाव निघाले, तेव्हा कुठे शिष्टांनी चौकशी सुरू केली. तोवर कित्येक कपाटांतून ही पुस्तके रद्दीत गेली होती. माझ्या कपाटातून तर मीच घातली.

एक मात्र राहिले होते, त्या मुलाचे. श्रावणाच्या अखेरीस ती दहा पाने मी वाचली. खुनी कोण ते मला कळले. त्याला अजून ठाऊक नाही. त्याच्या वर्गातल्या दोघांकडे त्याचा पत्ता विचारला आहे. मिळाला की पुस्तक घेऊन मी स्वतः जाणार आहे.