बोधगयेचा कारभार कुणाकडे?

वैशाखी पौर्णिमेला बोधगयेच्या महाबोधी विहारात श्रीलंका, थायलंड, जपानच्या भिक्खूंच्या रांगेत नागपूर-अकोल्याकडून रेल्वेने आलेली, पांढऱ्या कपड्यांतली मराठी माणसेही उभी असतात. २०११ च्या जनगणनेनुसार देशातल्या ८४ लाख बौद्धांपैकी ६५ लाख एकट्या महाराष्ट्रात होते. त्यामुळे बिहारमधल्या या विहाराचे भांडण आपल्याही दारचे आहे.

भांडण जुने आहे. बौद्धांची वर्दळ आटल्यानंतर, १५९० च्या सुमारास घमंडी गिरी नावाच्या शैव संन्याशाने तिथे मठ थाटला आणि पुढे विहार महंतांच्या ताब्यात गेला. १८९१ मध्ये श्रीलंकेहून आलेल्या अनागारिक धर्मपालांना मोडकळीतून नुकतीच डागडुजी झालेली वास्तू दिसली, पण तिचा मालक महंत होता. त्यांनी महाबोधी सोसायटी काढली. १८९५ मध्ये जपानहून आलेली बुद्धमूर्ती त्यांनी विहारात बसवली, तेव्हा महंतांच्या माणसांनी ती बाहेर काढली. खालच्या कोर्टात त्या माणसांना शिक्षा झाली, कलकत्ता हायकोर्टात ती सुटली. धर्मपाल १९३३ मध्ये गेले. विहाराच्या ताब्याचा निकाल त्यांच्या हयातीत लागलाच नाही.

स्वातंत्र्यानंतर बिहार सरकारने १९४९ चा कायदा करून तोडगा काढला: विहाराच्या व्यवस्थापन समितीत चार बौद्ध, चार हिंदू आणि अध्यक्षपदी गयेचे जिल्हाधिकारी. जिल्हाधिकारी हिंदू नसतील तर सरकारने एखादा हिंदू अध्यक्ष नेमावा, अशीही तरतूद होती. म्हणजे चार-चारचा समतोल कागदापुरताच. ही अट निघायला २०१३ उजाडले. १९९० च्या दशकात भदंत सुरई ससाईंच्या नेतृत्वाखाली मराठी बौद्धांनी या व्यवस्थेविरुद्ध मोठे आंदोलन केले. फेब्रुवारी २०२५ मध्ये भिक्खू पुन्हा उपोषणाला बसले.

हिंदूंचे नाते खोटे आहे, असे मात्र कुणी म्हणू नये. गयाश्राद्धाला आलेली कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या बोधिवृक्षाखाली पिंड देत आली आहेत. बुद्धाला नववा अवतार मानणे आपल्याकडेही नवे नाही. दशावताराच्या जुन्या मराठी चित्रांत त्या जागी चक्क विठोबा उभा असतो. अडचण अशी, की १९५६ मध्ये नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत बुद्ध विष्णूचा अवतार नाही आणि श्राद्ध-पिंडदान करणार नाही, या दोन्ही गोष्टी आहेत. ज्याने त्या घेतल्या, त्याला आपल्या सर्वोच्च तीर्थावर नेमके तेच पाहावे लागते. त्याचा संताप समजून घ्यायला फार मोठे मन लागत नाही.

तरीही पिंडदान थांबवा, असे आम्ही म्हणणार नाही. श्रद्धेने आलेल्याला कुणीही अडवू नये. पण पूजेला येण्याचा हक्क वेगळा आणि कारभाराचा हक्क वेगळा. पिंडदानासाठी गयेत विष्णुपद आहे, फल्गूचा काठ आहे. बुद्धाला बोधी झाली ती जागा जगात एकच. तिथल्या समितीत बौद्धांचे स्पष्ट बहुमत आणि बौद्ध अध्यक्ष असलाच पाहिजे. हिंदूंच्या परंपरागत उपासनेची हमी त्याच कायद्यात लिहून द्यावी. निम्म्या-निम्म्या जागा वाटून आणि वर सरकारी अधिकारी बसवून केलेला १९४९ चा तह आता जुना झाला आहे.

कायदा बिहारचा आहे. २०१३ मध्ये पाटण्याच्या विधिमंडळाला त्यातली एक अट काढता आली. उरलेलाही बदल त्यांनीच करायचा आहे.