विश्लेषण : साफसफाईत रेषाच पुसली गेली तर? ‘सिंड्रेला’च्या घरगुती आवृत्त्यांवरून चाहत्यांमध्ये दोन तट का?

डिस्नेचा ‘सिंड्रेला’ १९५० मध्ये पडद्यावर आला. त्यानंतर तो व्हीएचएस, डीव्हीडी, ब्ल्यू-रे आणि आता फोर-के अशा रूपांत पुन्हा पुन्हा घरी आला. प्रत्येक वेळी वेष्टनावर दावा एकच : पूर्वीपेक्षा अधिक सुंदर, अधिक स्वच्छ. मात्र २०१२ च्या ब्ल्यू-रे प्रतीवर चित्रपटप्रेमींच्या एका गटाने थेट आरोप केला की, धूळ पुसता पुसता चित्रच पुसले गेले. २०२३ मध्ये नव्याने केलेली फोर-के आवृत्ती आली आणि जुना वाद पुन्हा तापला. हा वाद नेमका कशाचा आहे आणि मोबाइलवर सिनेमा पाहणाऱ्यांनी त्याची फिकीर का करावी?

वादाची सुरुवात कुठून झाली?

‘सिंड्रेला’ १९८८ मध्ये प्रथम व्हीएचएसवर आला, १९९५ मध्ये पुन्हा आला. २००५ मध्ये डिजिटल दुरुस्ती केलेली डीव्हीडी निघाली आणि २०१२ मध्ये ब्ल्यू-रे. ब्ल्यू-रेचे चित्र पाहताक्षणी चकचकीत वाटते. एकही ओरखडा नाही, धुळीचा कण नाही, रंग सपाट आणि स्वच्छ. अनेक कुटुंबांनी ही प्रत आनंदाने घेतली.

तक्रार आली ती फ्रेम थांबवून पाहणाऱ्यांकडून. कपड्यांच्या चुण्या, केसांच्या बटा, चेहऱ्यावरच्या बारीक रेषा काही ठिकाणी पुसट झाल्या आहेत, काही ठिकाणी तुटल्या आहेत, असे त्यांचे म्हणणे होते. पुढच्याच वर्षी, २०१३ मध्ये, १९६३ च्या ‘द स्वोर्ड इन द स्टोन’ची ब्ल्यू-रे आली. तिच्यावर याहून कडक टीका झाली. त्या चित्रपटाच्या खरबरीत पेन्सिलरेषा जणू ओल्या बोटाने फिसकटल्यासारख्या दिसत होत्या.

हा चित्रपट तयार कसा झाला होता?

वाद समजून घ्यायचा तर आधी कॅमेऱ्यासमोर काय होते ते पाहावे लागेल. त्या काळी ॲनिमेटर कागदावर पेन्सिलने चित्र काढत. ते पारदर्शक शीटवर, म्हणजे ‘सेल’वर, शाईने गिरवले जाई. मग सेलच्या मागच्या बाजूने रंग भरला जाई. शाईची रेषा नेहमी काळीच नसे. त्वचेसाठी वेगळा रंग, कपड्यासाठी वेगळा, केसांसाठी वेगळा. हे काम डिस्नेच्या ‘इंक अँड पेंट’ विभागात चाले आणि तिथे प्रामुख्याने स्त्रिया काम करत. पडद्यावरच्या श्रेयनामावलीत त्यांची नावे नसत. त्यांच्या कामाची सही म्हणजे ती रेषाच.

तयार सेल पार्श्वभूमीवर ठेवून टेक्निकलर पद्धतीने चित्रित होई. ॲनिमेशनमध्ये चित्र हलत नसल्यामुळे एकाच कृष्णधवल फिल्मवर त्याचे लागोपाठ तीनदा छायाचित्र घेतले जाई : लाल, हिरव्या आणि निळ्या फिल्टरमधून. पुढे या तीन नोंदी एकत्र करून रंगीत प्रत तयार होई. ‘सिंड्रेला’ ७४ मिनिटांचा आहे. सेकंदाला २४ फ्रेम धरल्या तर सुमारे १ लाख ६ हजार फ्रेम होतात. प्रत्येकीच्या तीन नोंदी म्हणजे सव्वातीन लाखांच्या जवळपास छायाचित्रे. दुरुस्ती करणाऱ्यांसमोरचा ढीग एवढा असतो.

‘ग्रेन’ म्हणजे काय आणि ते काढतात कसे?

फिल्मवर प्रकाशाला प्रतिसाद देणारे चांदीच्या क्षारांचे बारीक कण असतात. त्यांची मांडणी प्रत्येक फ्रेममध्ये वेगळी असते. त्यामुळे मोठ्या पडद्यावर चित्र किंचित सळसळताना दिसते. हेच ग्रेन. धूळ किंवा ओरखडे नंतर येतात. ग्रेन मात्र फिल्मच्या जडणघडणीतच असते.

ते कमी करणारे सॉफ्टवेअर शेजारच्या फ्रेमची तुलना करते. एका फ्रेममध्ये जे आहे आणि पुढच्या फ्रेममध्ये नाही, ते बहुधा ‘नको असलेले’, असा त्याचा ढोबळ हिशेब असतो. धुळीच्या कणासाठी हा हिशेब बरोबर ठरतो. हाताने गिरवलेल्या रेषेसाठी ठरेलच असे नाही. ती रेषा दर चित्रात केसभर सरकते, जाड-बारीक होते. सॉफ्टवेअरचा जोर वाढवला की ते या रेषेलाही धूळ समजू लागते. मोबाइलच्या कॅमेऱ्यात ‘ब्युटी मोड’ पूर्ण वाढवला की मुरूम जातात, पण तीळही जातो आणि चेहरा मेणाचा दिसतो. इथेही तसेच घडते.

‘द स्वोर्ड इन द स्टोन’ला याचा फटका अधिक बसला, त्यालाही कारण आहे. १९६१ च्या ‘वन हंड्रेड अँड वन डाल्मेशियन्स’पासून डिस्नेने शाईने गिरवणे बाजूला ठेवून ॲनिमेटरची पेन्सिलरेषा झेरॉक्स पद्धतीने थेट सेलवर उतरवायला सुरुवात केली होती. त्या रेषा मुळातच खरबरीत. सॉफ्टवेअरच्या नजरेला त्या दोषासारख्याच दिसणार.

स्वच्छ प्रत हवी म्हणणाऱ्यांची बाजू काय?

ही बाजू हसण्यावारी नेण्यासारखी नाही. त्यांचा पहिला मुद्दा असा की, ग्रेन कोणत्याही चित्रकाराने काढलेले नाही. सेलवर ते नव्हते. ते कॅमेरा आणि फिल्मच्या मर्यादेतून आले. मग आज तंत्रज्ञान आहे तर मधला पडदा दूर करून थेट सेलवरचे चित्र दाखवण्यात गैर काय? हाताने काढलेल्या ॲनिमेशनसाठी हा युक्तिवाद विशेष वजनदार आहे. माणसे घेऊन चित्रित केलेल्या सिनेमात फिल्मवरची नोंद हीच पहिली नोंद असते. इथे मात्र तिच्याआधी एक खरेखुरे रंगवलेले चित्र होते.

दुसरा मुद्दा प्रेक्षकाचा. सहा वर्षांची मुलगी ‘सिंड्रेला’ पाहते ती गोष्टीसाठी. सळसळणारे चित्र तिला जुनाट वाटले आणि तिने तो बंद केला, तर जपणूक कुणासाठी केली? आजच्या डिजिटल ॲनिमेशनवर वाढलेल्या डोळ्यांना स्वच्छ चित्राची सवय आहे.

तिसरा मुद्दा बोलला कमी जातो, पण महत्त्वाचा आहे : डेटा. ग्रेन प्रत्येक फ्रेममध्ये बदलत असल्याने व्हिडिओ लहान आकारात बसवणे अवघड जाते. ग्रेन ठेवायचे तर जास्त डेटा पाठवावा लागतो. स्ट्रीमिंग करणाऱ्यांसाठी सपाट, स्वच्छ चित्र स्वस्त पडते.

विरोधकांचे म्हणणे काय?

त्यांचे पहिले उत्तर असे की, सेल म्हणजे चित्रपट नव्हे. स्टुडिओत रंग निवडले जात ते कॅमेऱ्यातून आणि फिल्मवर कसे उतरतील याचा अंदाज आणि चाचण्या घेऊन. म्हणजे टेबलावरचा रंग हे साधन होते, पडद्यावरचा रंग हे साध्य. १९५० च्या प्रेक्षकाने सेल पाहिले नव्हते, प्रिंट पाहिली होती. ‘थेट सेलकडे’ जाण्याच्या नादात एक असा चित्रपट तयार होतो, जो कधीच कुठे दाखवला गेला नव्हता.

दुसरे उत्तर अधिक थेट आहे. ग्रेन काढायला हरकत नाही असे क्षणभर मान्य केले, तरी रेषा जाता कामा नये. सेलवरचे चित्र दाखवायचे हाच हेतू असेल, तर सेलवर गिरवलेली रेषा गायब होणे हा त्याच हेतूचा पराभव आहे. या मुद्द्याला स्वच्छतावाद्यांकडे समाधानकारक उत्तर नाही.

२०२३ मध्ये काय बदलले?

नव्या आवृत्तीसाठी मूळ नायट्रेट निगेटिव्हकडे परत जाऊन काम करण्यात आले. ‘अलादीन’मधला जिनी साकारणारे ॲनिमेटर एरिक गोल्डबर्ग आणि ‘फ्रोझन’च्या कलादिग्दर्शनासाठी ओळखले जाणारे मायकल जियाइमो यांचा सल्ला घेतला गेला. फेब्रुवारी २०२३ मध्ये बर्लिन चित्रपट महोत्सवात ही आवृत्ती दाखवली गेली. त्याच वर्षी ती फोर-के डिस्कवर आणि ऑगस्टमध्ये डिस्नेच्या स्ट्रीमिंग सेवेवर आली. ग्रेन हलकेसे परतले आणि हरवलेल्या रेषाही. आधीच्या प्रतीवर टीका करणाऱ्यांपैकी बहुतेकांनी या कामाचे स्वागत केले.

पण तक्रारी संपल्या नाहीत, फक्त बाजू बदलली. आता काहींना चित्र फिके वाटू लागले. विशेषतः तो प्रसिद्ध गाऊन. बाहुल्या, दप्तरे आणि वाढदिवसाच्या केकवर सिंड्रेलाचा गाऊन आकाशी निळा असतो आणि केस पिवळेधमक. चित्रपटातला गाऊन मात्र चंदेरी-पांढऱ्याकडे झुकणारा आहे आणि केस किंचित तांबूस. ज्यांची आठवण खेळण्यांच्या दुकानात घडली, त्यांना मूळ रंगच चुकीचा वाटला.

इथे या वादाचे मर्म सापडते. घरी आलेली प्रत नुसती प्रत राहत नाही. बहुतेकांसाठी तीच मूळ होऊन बसते. २०१२ ते २०२३ या अकरा वर्षांत ज्या मुलांनी ‘सिंड्रेला’ ब्ल्यू-रेवर पाहिला, त्यांच्यासाठी रेषा हरवलेला चित्रपट हाच ‘सिंड्रेला’ होता. त्यांची काही चूक नव्हती. काय काढले आहे, हे त्यांना कुणी सांगितलेच नव्हते.

भारतीय प्रेक्षकाचा याच्याशी काय संबंध?

संबंध जवळचा आहे. मुंबईत कारकीर्द घडलेले ॲनिमेटर राम मोहन यांनी युगो साको आणि कोइची सासाकी यांच्यासह दिग्दर्शित केलेला भारत-जपान सहकार्यातला ‘रामायण : द लेजंड ऑफ प्रिन्स राम’ जानेवारी २०२५ मध्ये भारतातील चित्रपटगृहांत फोर-के रूपात आणि नव्या डबिंगसह आला. टीव्हीवर तो पाहत वाढलेल्यांच्या कानात मात्र जुन्या हिंदी आवृत्तीतले अरुण गोविल आणि अमरीश पुरी यांचे आवाज होते. चित्र उजळले तरी आठवण आवाजात अडकली. त्याआधी २००४ मध्ये ‘मुघल-ए-आझम’ पूर्ण रंगीत करून प्रदर्शित झाला, तेव्हाही नवा प्रेक्षक मिळवणे मोठे की मूळ रूप राखणे मोठे, हाच प्रश्न पुढे आला होता.

फरक एवढाच की, डिस्नेला चूक दुरुस्त करता आली, कारण मूळ निगेटिव्ह शाबूत होते. आपल्याकडे ही सोय अनेकदा नसते. नायट्रेट फिल्म झपाट्याने पेट घेते. पुण्यात २००३ मध्ये लागलेल्या आगीत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या ताब्यातील जुन्या नायट्रेट फिल्म जळून गेल्या. मूकपटांपैकी बहुतांश आज अस्तित्वातच नाहीत. जिथे मूळ उरलेले नाही, तिथे आज घाईत केलेली ‘स्वच्छ’ प्रत हीच शेवटची प्रत ठरू शकते.

मग योग्य काय?

दोन्ही बाजूंना पटेल असा मार्ग आहे आणि तो फार खर्चिकही नाही. पहिली गोष्ट, सफाई करण्याआधीचे स्कॅन जसेच्या तसे जपून ठेवले पाहिजे. चूक नंतर लक्षात आली तर परतायला जागा हवी. दुसरी, प्रत कशापासून तयार केली आणि तिच्यात काय बदलले, हे वेष्टनावर किंवा ॲपच्या माहितीपानावर चार ओळींत लिहिले जावे. खाण्याच्या पाकिटावर घटक लिहिणे बंधनकारक आहे. सिनेमाच्या बाबतीत निदान प्रथा पडायला हवी. तिसरी, नवी आवृत्ती आली म्हणून जुनी गुपचूप नाहीशी होऊ नये. डिस्क कपाटात राहते. ॲपवरची प्रत रातोरात बदलली तरी प्रेक्षकाला कळत नाही. डिस्क मागे पडून ॲप पुढे येत असताना हा धोका वाढतोच आहे.

प्रेक्षकाच्या हातातही थोडे आहे. अनेक स्मार्ट टीव्हींमध्ये ‘नॉइज रिडक्शन’ आणि ‘मोशन स्मूदनिंग’ हे पर्याय आधीपासून सुरू असतात. जुना सिनेमा लावताना ते बंद करावेत किंवा असल्यास ‘फिल्ममेकर मोड’ निवडावा. नाहीतर दुरुस्ती करणाऱ्यांनी मेहनतीने जपलेली रेषा आपल्याच घरातला टीव्ही पुसून टाकेल.

स्वच्छ चित्र आवडणे यात कमीपणा नाही आणि ग्रेन आवडणे म्हणजे जुन्याचा हट्ट नाही. आवड ज्याची त्याची. पण सात दशकांहून अधिक काळापूर्वी एखाद्या स्त्रीने श्वास रोखून, एका झटक्यात सेलवर ओढलेली रेषा ही आवडीची बाब नाही. ती चित्रपटाचा भाग आहे. धूळ जरूर पुसावी. ती रेषा मात्र धूळ नव्हती.